काठापासून किती दूर?

सभेत वक्ता माइकपाशी येतो, दोन शब्द बोलतो आणि कर्ण्यातून शिट्टी सुरू होते. ही शिट्टी सगळ्यांच्या परिचयाची. पण ती एकाच सुरात असते हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. वक्त्याच्या आवाजात असंख्य वारंवारता मिसळलेल्या असतात. सभागृहाच्या भिंती, कर्ण्याचे तोंड, माइकचे अंतर या सर्वांचा परिणाम प्रत्येक वारंवारतेवर वेगळा होतो. कर्ण्यातून निघालेला आवाज माइकमध्ये परत शिरून ॲम्प्लिफायरमार्गे पुन्हा बाहेर पडतो, तेव्हा एखादीच वारंवारता अशी असते की तिची परतलेली लहर मूळ लहरीशी तंतोतंत जुळते आणि किंचित मोठीही होऊन येते. मग ती प्रत्येक फेरीला फुगत जाते. बाकीच्या फेरीगणिक विरून जातात. म्हणून ध्वनिव्यवस्थेवर बसलेला जाणकार माणूस सगळाच आवाज कमी करत बसत नाही. इक्वलायझरवरची तेवढी एक पट्टी खाली ओढतो आणि भाषण पुढे चालू होते. समीकरण न मांडता त्याने वारंवारता-प्रतिसादावरून स्थैर्याचे विश्लेषण केलेले असते, आणि त्यावर इलाजही केलेला असतो.

अभियांत्रिकीच्या परीक्षेत हेच विश्लेषण ठरलेल्या साच्यात येते: सेमीलॉग कागदावर बोडे आलेख काढा आणि प्रणाली स्थिर आहे की नाही ते सांगा. विद्यार्थी शेवटी ‘स्थिर’ असा शब्द लिहून मोकळा होतो, आणि पेपर तपासणाराही. या साच्यात पद्धतीचा गाभाच हरवतो असे माझे म्हणणे आहे. स्थिर की अस्थिर एवढेच विचारायचे असेल, तर त्यासाठी इतर वाटा आहेत, काही अधिक जवळच्याही. वारंवारता-प्रतिसादाचे खरे देणे निराळे आहे. प्रणाली अस्थिरतेच्या काठापासून किती दूर उभी आहे आणि कोणत्या बाजूला सरकली तर आधी पडेल, हे तो सांगतो; आणि तेही यंत्राची समीकरणे आपल्याला पुरती ठाऊक नसताना. संगणकाच्या काळात ही आलेखांची पद्धत शोभेपुरती उरली, असे समजणाऱ्यांच्या नजरेतून नेमके हेच सुटते.

हो की नाही या प्रश्नाचा इतिहास जुना आणि सन्माननीय आहे. वाफेच्या इंजिनाचा वेग आवरणारे गव्हर्नर कधी कधी स्वतःच हेलकावे खाऊ लागत. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1868 मध्ये त्यांच्यावर निबंध लिहिला आणि हा प्रश्न विकलक समीकरणाच्या मुळांपर्यंत नेला: सगळ्या मुळांचा वास्तव भाग ऋण असेल तर हेलकावे विरतात. मुळे प्रत्यक्ष न काढता हे कसे ओळखावे, याची कोष्टकाची रीत एडवर्ड राउथने 1877 मध्ये दिली. पुढे झुरिकमध्ये टर्बाइनच्या वेगनियंत्रणावर काम करणाऱ्या आउरेल स्टोडोलाने आपला प्रश्न आडोल्फ हुर्विट्झपुढे ठेवला आणि 1895 मध्ये हुर्विट्झ दुसऱ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचला. गणित म्हणून हे सारे सुंदर आहे. पण त्यात एक अट गृहीत आहे, ती म्हणजे समीकरणाचे सगळे सहगुणक हाती असणे. गव्हर्नरचे गोळे, दांड्या आणि स्प्रिंगा मोजून ते मिळवता येत. टेलिफोनच्या तारेवर ही अट मोडली.

अमेरिकेत दूरच्या तारेवर ओळीने ॲम्प्लिफायर बसवावे लागत आणि प्रत्येक ॲम्प्लिफायर बोलणे थोडे बिघडवून पुढे देई. बेल कंपनीतल्या हॅरोल्ड ब्लॅकला 1927 च्या ऑगस्टमध्ये, हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत, उपाय सुचला: बाहेर पडणाऱ्या लहरीचा काही भाग उलटा करून आत परत द्यायचा, म्हणजे गेन (लहर किती पट मोठी होते ते) घटतो, पण त्याच प्रमाणात बिघाडही घटतो. हाताशी असलेल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्याने ही कल्पना उतरवली. कल्पना साधी होती, ॲम्प्लिफायर मात्र ऐकेनात. परतलेली लहर वाटेत इतकी मागे पडे की उलटी दिलेली लहर एखाद्या वारंवारतेला सुलटी होऊन येई आणि यंत्र ‘गाऊ’ लागे. तिथले इंजिनिअर याला गाणेच म्हणत. या मंडलांत कॉइल आणि कपॅसिटर इतके असत, आणि न दिसणारे, तारांच्या सान्निध्यातून जन्मणारे कपॅसिटरही इतके असत, की समीकरण लिहायचे म्हटले तरी ते पुरे होईना. लिहिले असते तरी राउथच्या कोष्टकातून निघाले असते ते ‘हो’ किंवा ‘नाही’. ‘नाही’ आले तर कुठला कपॅसिटर बदलावा, याचा पत्ता त्यात नसतो.

बेल कंपनीतल्याच हॅरी नायक्विस्टने 1932 मध्ये प्रश्नाची मांडणीच बदलली. लूप, म्हणजे लहरीची ही बंद वाट, एका जागी तोडा. तुटलेल्या एका टोकाला ठरावीक वारंवारतेची साइन लहर द्या आणि दुसऱ्या टोकाला ती किती मोठी व किती मागे पडून येते ते मोजा. वारंवारता शून्यापासून वाढवत न्या आणि प्रत्येक वेळचा आकार व कोन यांचा एक बिंदू संमिश्र प्रतलावर मांडा. बिंदू जोडून जी वक्र रेषा बनते, ती उणे एक या बिंदूला वेढा घालते की नाही यावर लूप जोडल्यानंतरचे स्थैर्य ठरते. (नायक्विस्टच्या मूळ लेखात हा बिंदू अधिक एक होता, चिन्हाचा संकेत पुढे बदलला.) यासाठी मुळे काढावी लागत नाहीत, सहगुणकही लागत नाहीत. लागतो तो सिग्नल जनरेटर, मापक आणि चिकाटी. स्थैर्याचा प्रश्न कागदावरून उठून प्रयोगाच्या टेबलावर आला तो असा.

या मांडणीचा पहिला मोठा लाभ म्हणजे एका हट्टी गैरसमजाचा निकाल लागला. परतलेली लहर मूळ लहरीशी जुळली आणि तिच्याहून मोठी असली, तर यंत्र गाणारच, असे तोवर पक्के मानले जाई. ऐकायला तर्क बिनतोड वाटतो. माइकच्या शिट्टीचे मघाचे स्पष्टीकरणही त्याच थाटाचे होते. पण काही ॲम्प्लिफायर ही अट पूर्ण करूनही शांत राहत, आणि त्यांचा गेन कमी केला की गाऊ लागत! नायक्विस्टच्या आलेखात याचे उत्तर डोळ्यांना दिसते. रेषा त्या बिंदूच्या पलीकडे जाऊन पुन्हा वळसा घालून परत येऊ शकते. तिने ओलांडले खरे, पण वेढले नाही. गेन घटवला की सगळी रेषा आक्रसते, वळशाचा भाग बिंदूवरून सरकतो आणि वेढा पडतो. अशा यंत्राला दोन काठ असतात, एक वरचा आणि एक खालचा. व्हॅक्यूम ट्यूब तापून गेन हळूहळू वर चढत असताना खालचा काठ वाटेतच लागतो. ‘स्थिर’ या एका शब्दात ही माहिती मावत नाही.

दुसरा लाभ विलंबाचा, आणि तो समजायला न्हाणीघर पुरते. समजा नळापासून शॉवरपर्यंत पाणी पोचायला 4 सेकंद लागतात. माणूस अंगावर पडणाऱ्या पाण्याची ऊब पाहून नळ फिरवतो. पाणी हवे त्यापेक्षा जितके गार, तितका भराभर फिरवतो. 1 अंशाची उणीव जाणवली की तो नळाशी पाण्याचे तापमान सेकंदाला किती अंशांनी वाढेल इतके फिरवतो, या आकड्याला आपण त्याचा उतावीळपणा म्हणू. सतत साठत जाणारी दुरुस्ती लहरीला पाव फेरी मागे टाकते. नळीतला विलंब आणखी पाव फेरी मागे टाकील अशी लहर कोणती? जिची पाव फेरी 4 सेकंदांची आहे ती, म्हणजे 16 सेकंदांत पूर्ण होणारी. पाणी कढत-गार व्हायला लागलेच, तर ते 16 सेकंदांच्या तालावर होणार, हे नळाला हात लावण्याआधीच सांगता येते. उतावीळपणा गुणिले विलंब ही संख्या पायच्या निम्म्याहून, म्हणजे सुमारे 1.57 पेक्षा, कमी असेपर्यंत हेलकावे विरतात. 4 सेकंदांसाठी उतावीळपणाची मर्यादा 0.39 पडते. कुणी 0.2 वर चालत असेल तर त्याच्या हाती सुमारे 44 अंशांची फेजची, म्हणजे लहर मागे पडण्याच्या कोनाची, शिल्लक आहे. अजून पावणेचार सेकंदांचा विलंब वाढला तरी तो निभावून नेईल. राउथच्या कोष्टकाला हे उदाहरण, दिसायला इतके किरकोळ असून, घालताच येत नाही. विलंबामुळे समीकरणाला अनंत मुळे येतात आणि कोष्टक संपतच नाही. मग विलंबाच्या जागी एखादी बहुपदी अंदाजाने बसवतात आणि त्या अंदाजाचे स्थैर्य तपासतात. वारंवारतेच्या भाषेत विलंब म्हणजे लहरीचा आकार तोच ठेवून कोन तेवढा वारंवारतेच्या प्रमाणात फिरवणे. त्याचा हिशेब एका वजाबाकीत संपतो.

बोडे आलेख ज्याच्या नावाचा, त्या हेन्ड्रिक बोडेने या शिलकीलाच रूप दिले. गेन किती पट वाढला तर काठ लागेल तो गेन मार्जिन, फेज किती अंशांनी आणखी मागे पडली तर लागेल तो फेज मार्जिन. आज 6 डेसिबल आणि 30 ते 60 अंश असे आकडे व्यवहारात सर्रास वापरतात. पण बोडेचे याहून मोलाचे काम म्हणजे 1940 च्या निबंधात त्याने दाखवलेली गेन आणि फेज यांची नाळ. सामान्य मंडलात गेन जितक्या झपाट्याने उतरवाल तितकी फेज मागे पडते: वारंवारता दहापट होताना गेन 20 डेसिबलने उतरला तर 90 अंश, 40 ने उतरला तर 180. म्हणजे काठापाशी पोचताना उतार मंद ठेवावा लागतो आणि त्याची किंमत अधिक वारंवारतांपर्यंत यंत्र आवरत बसण्यात मोजावी लागते. त्यानेच पुढे आणलेला दुसरा हिशेब तर अगदी जमाखर्चाच्या वहीतला आहे. सर्वसाधारण स्थिर लूपमध्ये फीडबॅकने, म्हणजे लहर परत देऊन, काही वारंवारतांवर त्रास जितका दाबला, तितका तो लॉगॅरिदमच्या मापात इतर वारंवारतांवर वाढलेला मिळतो. यंत्र मुळातच अस्थिर असेल तर बेरीज शून्यही राहत नाही, तोट्यातच निघते. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे इथे गणिताने सिद्ध झाले आहे. आणि अंथरुणाची लांबी किती, तेही.

आता आक्षेप. सर्वात वजनदार आक्षेप संगणकाचा आहे. शंभर समीकरणांच्या प्रणालीचीही मुळे आज क्षणात निघतात. राउथ, नायक्विस्ट, सेमीलॉग कागद ही सारी हाताने गणित करण्याच्या काळातली कसरत, ती आता कशाला? मुळे क्षणात निघतात हे खरेच आहे. पण ती कशाची मुळे? संगणकात भरलेल्या प्रतिकृतीची. प्रतिकृती आणि यंत्र यांत अंतर राहणारच. प्रश्न आहे तो हे अंतर किती असले तरी चालेल याचा, आणि मुळांची यादी त्यावर मौन पाळते. 1960 नंतरच्या दोन दशकांत नियंत्रणशास्त्र अवस्था-समीकरणांकडे वळले आणि सर्वोत्तम नियंत्रक गणिताने काढण्याची रीत रूढ झाली. यंत्राच्या सगळ्या अवस्था मोजता येत असतील तर अशा नियंत्रकाला किमान 60 अंशांचा फेज मार्जिन आपोआप मिळतो, असेही सिद्ध झाले. मग अवस्था न मोजता अंदाजाने काढल्या तरी तशीच हमी राहील, असा समज सहज पसरला. पण नियंत्रणशास्त्रज्ञ जॉन डॉईलने 1978 मध्ये दीड-दोन पानांचा एक निबंध छापला. अशा नियंत्रकांना कोणत्या मार्जिनची हमी आहे या प्रश्नाला त्याच्या सारांशातच उत्तर होते की कोणतीच नाही. त्याच्या उदाहरणातली मुळे निर्दोष होती, नियंत्रक गणिताने सर्वोत्तम होता, आणि काठ हवा तितका जवळ आणता येत होता. हा दोष दाखवायला जुनीच मार्जिने लागली, हे विसरून चालणार नाही. पुढच्या दशकात जे दणकट नियंत्रणाचे शास्त्र उभे राहिले, ते वारंवारतेच्या अंगाने विचार करणारेच आहे.

दुसरा आक्षेप प्रयोगशाळेतून येतो: लूप तोडा म्हणणे सोपे आहे. गेन लाखाच्या घरातला असेल तर लूप तोडताच ॲम्प्लिफायर एका टोकाला जाऊन बसतो. मुळात अस्थिर विमानाचा लूप हवेत कोण तोडणार? आक्षेप रास्त आहे, पण उत्तर जुने आहे. लूप न तोडता त्याच्या एका जागी छोटासा सिग्नल मिसळायचा आणि मिसळण्याच्या जागेच्या अलीकडचे व पलीकडचे व्होल्टेज मोजून त्यांचे गुणोत्तर घ्यायचे. आर. डी. मिडलब्रूकने 1975 मध्ये ही रीत नीट मांडली आणि पॉवर सप्लाय बनवणारे आजही बोडे आलेख असाच काढतात. मुळात अस्थिर यंत्रासाठी वेढ्यांचा हिशेब बदलतो, तेवढे भान ठेवावे लागते.

तिसरा आक्षेप मात्र मला निम्मा मान्य आहे. साइन लहरीचा सारा खेळ रेषीय यंत्रापुरता आहे, म्हणजे दुप्पट दिले तर दुप्पट मिळते अशा यंत्रापुरता. खरी यंत्रे तशी नसतात. स्वीडनचे ग्रिपेन हे लढाऊ विमान 1989 मध्ये उतरताना आणि 1993 मध्ये स्टॉकहोमच्या आकाशात कसरती करताना कोसळले. दोन्ही वेळा वैमानिक वाचला. दुसऱ्या अपघातात वैमानिकाने दांडा झटपट आणि मोठ्या मापाने हलवला, तेव्हा विमानाची नियंत्रक पाती त्यांच्या कमाल वेगाने फिरू लागली आणि तरीही मागे पडली. मागे पडणे म्हणजे फेज गमावणे. छोट्या हालचालींसाठी काढलेला मार्जिन मोठ्या हालचालीत खर्ची पडला. वैमानिक पुढचा झटका देई तोवर आधीच्या झटक्याचा परिणाम उलट्या वेळी येऊन ठेपलेला असे. म्हणजे छोट्या लहरींवरून काढलेला आकडा मोठ्या धक्क्याची हमी देत नाही, हे कबूल. पण काय घडले ते सांगताना शब्द कुठले वापरावे लागले पाहा: फेज, विलंब, लूप. हालचालीच्या आकारानुसार गेन आणि फेज कसे बदलतात ते अंदाजून आलेख पुन्हा काढण्याची रीतही आहे. ती अंदाजीच आहे, पण धोका कुठे बघायचा ते दाखवते.

चौथी हरकत मी स्वतःच घेतो, कारण मार्जिनचे दोन आकडे पाठ करून घेणाऱ्यांवरच ती आहे. गेन मार्जिन एका दिशेने मोजतो, फेज मार्जिन दुसऱ्या. दोन्ही भरपूर असूनही मधल्या तिरक्या दिशेने रेषा उणे एकच्या अंगावर येऊ शकते. मापायचे ते रेषेचे त्या बिंदूपासूनचे कमीत कमी अंतर. ते अर्धे असेल, तर गेन निदान दुप्पट आणि फेज निदान 29 अंश अशी दोन्ही हमी त्यातच येतात. उलट दिशेने ती येत नाही. अनेक लूप एकमेकांत गुंतले असतील तर एकेक लूप तपासणेही फसवे ठरते. फिरत्या उपग्रहाच्या एका प्रसिद्ध उदाहरणात एका वेळी एक लूप पाहिला तर गेन मार्जिन अनंत आणि फेज मार्जिन 90 अंश येतो, आणि दोन्ही लूप एकाच वेळी जरासे हलवले की प्रणाली कोलमडते. यावरून वारंवारता-प्रतिसाद सोडून द्यावा असे मात्र ठरत नाही. अंतर कोणत्या दिशांनी मोजायचे ते अधिक जपून ठरवावे एवढेच ठरते, आणि त्यासाठीची साधने याच पद्धतीच्या पोटातून निघाली आहेत.

आज या साऱ्याची कसोटी लागते आहे ती विजेच्या जाळ्यावर. कोळशाच्या किंवा पाण्याच्या वीजकेंद्रातले जनित्र अवजड लोखंडाचे, त्याची समीकरणे पुस्तकात. सौर आणि पवन केंद्रे जाळ्याला जोडणारा इन्व्हर्टर वागतो तो त्याच्या सॉफ्टवेअरप्रमाणे, आणि ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या कुलपात. जाळे चालवणाऱ्याला समीकरणे मिळत नाहीत. मिळते ते एक बंद खोके. त्याच्या मुळांबद्दल बोलणेच खुंटते. पण त्या खोक्याला वेगवेगळ्या वारंवारतांचे छोटे सिग्नल देऊन ते कसा प्रतिसाद देते हे मोजता येते, जाळ्याचाही तसाच प्रतिसाद काढता येतो आणि दोहोंच्या गुणोत्तरावर नायक्विस्टचा निकष लावता येतो. टेलिफोनच्या तारेवर जी अडचण होती तीच वेगळ्या वेषात परत आली आहे: समीकरण हाती नाही, मोजमाप आहे.

इंग्लंडमध्ये 9 ऑगस्ट 2019 रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास एका वाहिनीवर वीज कोसळली. ही नित्याची गोष्ट. वाहिनी काही क्षणांत पुन्हा सुरू झाली. पण समुद्रातल्या हॉर्नसी पवन केंद्राच्या नियंत्रण यंत्रणेने व्होल्टेजच्या त्या धक्क्याला दिलेले उत्तर विरण्याऐवजी हेलकावत वाढले आणि केंद्राचे सातशेहून अधिक मेगावॉट जाळ्यावरून गळाले. दुसरे एक वायू-वीजकेंद्रही त्याच वेळी बंद पडत गेले, जाळ्याची वारंवारता 50 वरून 48.8 हर्ट्झवर आली आणि दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज आपोआप तोडली गेली. त्या क्षणापर्यंत हॉर्नसी चालू होते, म्हणजे परीक्षेच्या भाषेत ‘स्थिर’ होते. नंतरच्या चौकशीत आधीच्या नोंदी काढल्या गेल्या. घटनेच्या सुमारे दहा मिनिटे आधी व्होल्टेज जेमतेम 2 टक्क्यांनी बदलले होते, आणि त्या किरकोळ बदलानंतरही केंद्राची यंत्रणा बराच वेळ थरथरत राहिल्याचे त्या नोंदींत उमटलेले होते.